ताकाहाशींची अर्धीच कहाणी

संपादक महोदय,

मंदीत सरकारने खर्च वाढवावा, असे म्हणणारे लोक जपानचे माजी अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांचा दाखला देतात, परंतु त्यांची अर्धीच कहाणी सांगतात, याची खंत वाटते. किशोरवयात अमेरिकेत नकळत वेठबिगारीच्या करारावर सही करून बसलेले ताकाहाशी १९११ मध्ये बँक ऑफ जपानचे गव्हर्नर आणि पुढे पंतप्रधानही झाले. डिसेंबर १९३१ मध्ये अर्थमंत्री या नात्याने त्यांनी येनची सोन्याशी असलेली सांगड तोडली आणि नंतर सरकारी रोखे थेट मध्यवर्ती बँकेला विकून खर्च वाढवला. मात्र अर्थव्यवस्था सावरताच त्यांनी हात आखडता घेतला, लष्कराच्या वाढीव मागण्यांना ठामपणे विरोध केला, आणि त्यापायी २६ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांची राहत्या घरी हत्या केली.

— एक वाचक, पुणे