टॅप म्हणजे टिचकी नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीत मोबाइलवरच्या इंग्रजी शब्दांबद्दल जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, विषय मनापासून आवडला, पण त्यात टॅपला सरळ 'टिचकी' म्हटलंय आणि पुढे फोन टॅप करणं पण याच बोटाच्या टॅपवरून आलं असं लिहिलंय, या दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत म्हणून हे पत्र.

आधी टिचकीचं बघू. टिचकी मारताना बोट अंगठ्याला अडकवून झटक्यात सोडतो आपण, म्हणजे समोरच्याला लागतं ते नख. माझ्या वडिलांना नवीन फोन घेतला तेव्हा मी शेजारी बसून शिकवत होतो, म्हटलं बाबा त्या हिरव्या गोलावर टिचकी मारा, तर त्यांनी खरोखरची टिचकी मारली, चार वेळा मारली, फोन ढिम्म. कारण टचस्क्रीनच्या काचेखाली हलकंसं विद्युत क्षेत्र असतं, बोटाची कातडी टेकली की त्यात फरक पडतो आणि तो फोनला कळतो, कोरड्या नखाने तेवढा फरक पडतच नाही. मग मी म्हटलं दाबा, तर त्यांनी दाबून धरलं, लाँग प्रेस झाला आणि भलताच मेनू उघडला. शेवटी म्हटलं "बोट टेकवा आणि लगेच उचला", पहिल्याच वेळी जमलं. चूक त्यांची नव्हतीच, मी शब्द चुकीचे देत होतो. माउसच्या क्लिकला टिचकी म्हणतात ते ठीक आहे, मराठी विकिपीडियावरही तो शब्द रुळलाय, तिथे निदान टिक असा आवाज तरी होतो. काचेवर मात्र बोट टेकवायचंच असतं.

खरं सांगायचं तर इंग्रजीत एकटा टॅप जिथे जिथे जातो तिथे आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. दारावर किंवा खिडकीवर टॅप म्हणजे टकटक, गाण्यावर पायाने टॅप म्हणजे ठेका धरणं, डोक्यात लाडाने मारली तर टपली. आणि बाळाला झोपवताना जे करतो ते थोपटणं, तिथे इंग्रजीतही टॅप चालत नाही, पॅट लागतो, कारण पॅटला सपाट तळवा लागतो आणि टॅपला बोटाचं टोक. हा फरक लेखात यायला हवा होता असं फार वाटलं. भाषाशास्त्रात तर जिभेचाही टॅप असतो, आपण र म्हणतो तेव्हा जिभेचं टोक वरच्या हिरडीला क्षणभर लागून सुटतं ना, तोच. आणि हल्ली कार्ड टॅप करा म्हणतात तिथे टेकवायचीही गरज नसते, कार्ड मशीनपासून दोन-चार सेंटिमीटरवर धरलं तरी काम होतं, तेव्हा तिथे 'कार्ड जवळ धरा' हेच बरोबर.

आता फोन टॅपिंग. हा टॅप वेगळा शब्द आहे, दिसायला-ऐकायला सारखा एवढंच. बोटाचा टॅप इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला असं मानतात आणि हा दुसरा टॅप अस्सल जुना इंग्रजी, मूळ अर्थ पिंपाच्या भोकाला लावलेलं बूच, पुढे तोटी, मग नळ. पिंपाला तोटी लावून आतलं काढून घ्यायचं तसं तारेला मध्येच जोड देऊन आतलं बोलणं काढून घ्यायचं, म्हणून ते टॅपिंग. रबराच्या झाडाला चीर देऊन चीक काढतात तेही टॅपिंग आणि डॉक्टर सुई घालून पोटातलं पाणी काढतात तोही टॅपच. या सगळ्यात काहीतरी बाहेर काढून घेणं आहे, हलका स्पर्श कुठेच नाही.

हे दोन्ही टॅप एकत्र येतात अशी एक गोष्ट मात्र मला फार आवडते. डॉक्टर छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकतात ना, ती पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने 1761 मध्ये लिहून प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवायचे, आणि पिंप ठोकून दारू कुठपर्यंत आहे ते ओळखतात हे त्याने लहानपणीच पाहिलेलं असं सांगितलं जातं. रिकामं असेल तिथे पोकळ आवाज, भरलेलं असेल तिथे बद्द, छातीत पाणी झालं की तिथेही तसंच बद्द वाजतं. त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही, 1808 मध्ये कोर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टरने त्या लिखाणाचं फ्रेंचमध्ये भाषांतर केल्यावर कुठे ती पद्धत पसरली.

तर विनंती एवढीच, यापुढे मोबाइलच्या सदरात 'बोट टेकवा' लिहा, दोनदा हवं तिथे 'पटकन दोनदा टेकवा', धरून ठेवायचं असेल तिथे 'टेकवून धरा'. फोन टॅपिंगच्या बातमीत टॅप राहू द्या, तो आता सगळ्यांना कळतो, फक्त तो बोटाचा नाही एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात दोन ओळीत छापली तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक