पाणी भरलं म्हणून वॉरंटी गेलेल्या स्विमिंग पूलबाबत

२६ मे २०२४

प्रति,
उत्पादन विभाग प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख
(दोघांनीही वाचावे. एकाने दुसऱ्याकडे ढकलू नये.)

विषय : घरी जोडायचा स्टील फ्रेमचा गोल पूल, व्यास १५ फूट, उंची ४ फूट. माझ्या चार तक्रारी, चारही तुमच्याकडे ‘निकाली’.

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. पाचव्यांदा होणार नाही, म्हणून हे पत्र. पूल कसा आहे, त्याला किती पाय, किती जॉइंट, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी. पण फोनवर भेटलेल्यांपैकी एकालाही तो गोल आहे की चौकोनी हे माहीत नव्हतं, तेव्हा अधूनमधून सांगत जाईन.

मी फॅब्रिकेशनवाला आहे. निफाड तालुक्यात बावीस वर्षं शेड, ग्रिल, टाक्यांचे स्टँड आणि मुख्य म्हणजे कांदा साठवायच्या चाळी बांधतो. पाइप कुठे वाकतो हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या ईमेलमध्ये ‘अकुशल जोडणी’ असा शब्द आहे. माझ्या वर्कशॉपमधली पोरं तो शब्द घेऊन दोन दिवस मला हाका मारत होती.

४ एप्रिलला ऑर्डर दिली, ३८,५०० रुपये आगाऊ. ११ तारखेला खोकी आली. बारा उभे पाय, बारा आडवे पाइप आणि अकरा टी-जॉइंट. अकरा जॉइंटवर बारा पाइपांचं कडं कसं पुरं होतं, ते तुमच्या पॅकिंगवाल्यांनी मला एकदा करून दाखवावं. बारावा जॉइंट यायला २ मे उजाडला. एकवीस दिवस. आला तोही दुसऱ्याच लॉटमधला; पिनेचं भोक पाइपच्या भोकापासून तीन सूत (आठ सुतांचा एक इंच) बाजूला. फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, “सर, तेवढं ड्रिल मारून घ्या ना.” मी म्हटलं, जीआय पाइपला नवं भोक पाडलं की तिथला जस्ताचा थर जातो, शेजारी क्लोरीनचं पाणी, गंज धरेल. “काही नाही होत सर.” हे बोलणं माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड आहे, तारखेसकट. मी ड्रिल मारलं आणि भोकाच्या कडेला झिंकचा रंग लावला. रंग माझा. त्याचं बिल लावलेलं नाही.

जागेचंही सांगून टाकतो, कारण तुमच्या ईमेलमधला दुसरा मुद्दा ‘असमतल जमीन’ हा आहे. आमच्याकडची माती काळी, ओली झाली की फुगते. म्हणून वीतभर माती काढली, मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मस केला, वर बारीक कच पसरली आणि लेव्हल पाइपने तपासलं. पंधरा फुटांत फरक दोन सूत. फोटो सोबत आहे. तुमच्या माहितीपुस्तकात जमिनीबद्दल एक चित्र आहे, त्यात एक हसरा माणूस गवतावर उभा आहे. बस्स.

आता पूल घेतलाच कशाला, असं गावातही विचारणारे बरेच होते. शेजारच्या येवला तालुक्यात टँकर चालू, आणि हे पोहायला निघाले. तर ऐका. आमच्या द्राक्षबागेसाठी भावाचं शेततळं आहे, आतून प्लास्टिकचा कागद. त्याच्या उताराला शेवाळ धरलं की चांगला गडीसुद्धा पाय टेकवून वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसतं. आमच्या भागात उन्हाळ्यात ती बातमी पेपरात येते आणि प्रत्येकाला कुणाचं ना कुणाचं पोर आठवतं. माझी दोन आणि भावाची तीन, अशी पाच पोरं सुटी लागल्यापासून तळ्याकडे ओढ घ्यायला लागली. तळ्याला दोर आणि ट्यूब बांधल्या, तारेचं कुंपण केलं, तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. चार फुटांचा पूल अंगणात, डोळ्यांसमोर, हा विचार त्यातून आला. पाणी आमच्याच विहिरीचं, आणि महिन्याने क्लोरीन उडाल्यावर ते नारळांना जाणार होतं.

तुमचीच कंपनी निवडली कारण तुमची ताडपत्री मी चौदा वर्षं चाळींवर टाकतोय. पाऊस, ऊन, वारा, कधी तक्रार नाही. ताडपत्री बनवणाऱ्याला पाणी कळत असेल, असा माझा समज.

१४ मे, दुपारी एकचा सुमार. आई रसाला हाका मारत होती म्हणून पोरं नुकतीच बाहेर आली होती, अंग पुसायची होती अजून. मी ओट्यावर होतो. वाळकी काटकी मोडावी तसा टक् आवाज आला. तीन नंबरचा जॉइंट. त्याच्या दोन्ही बाजूंचे आडवे पाइप सुटले, तिथली कड खाली बसली, आणि पाणी सगळं तिकडेच धावलं. साडेसोळा हजार लिटर, म्हणजे साडेसोळा टन. दोन पाय असे वाकले की आता ते कोयत्याच्या दांड्यालाही चालणार नाहीत. वाकलेल्या पायाच्या टोकाने कापडाला हातभर चीर. पाणी उताराने चुलतभावाच्या खळ्यात गेलं. चाळीतला कांदा वाचला, कारण चाळ जमिनीपासून दोन फूट उंच आहे, मीच बांधली आहे. पण ४ मेला निर्यातबंदी उठल्यावर भाव हलेल म्हणून निवडून बाहेर काढलेला ढीग होता, त्यातला सात क्विंटल भिजला. भिजलेल्या कांद्याला काय भाव येतो हे लासलगावात कुणालाही विचारा. चुलतभावाला मी दहा हजार दिले. त्याने मागितले नव्हते, आणि तेच जास्त लागलं.

यानंतर कालच्या आधी जे फोन झाले, ते थोडक्यात: ऐकून घेतलं, फोटो मागितले, ‘टेक्निकल टीम’कडे पाठवले, आणि ईमेल आला की ग्राहकाने जॉइंटमध्ये ड्रिल मारून फेरफार केल्याने वॉरंटी रद्द. म्हणजे ड्रिल मारायला तुम्हीच सांगायचं आणि मारलं म्हणून वॉरंटी तुम्हीच काढून घ्यायची. आणि फोटो नीट बघितले असते तर दिसलं असतं की ड्रिल मारलेला जॉइंट सात नंबरचा आहे. तो आजही शाबूत आहे. तुटलाय तो तीन नंबरचा, तुमच्या खोक्यातून जसा आला तसा, हात न लावलेला.

आता कालचा फोन. एक ताई होत्या, मराठीत बोलत होत्या, बरं वाटलं. त्यांच्यावर माझा राग नाही. समोर लिहिलेलं त्या वाचत होत्या. राग ते लिहिणाऱ्यावर आहे.

त्या म्हणाल्या, “सर, प्रॉडक्टमध्ये पाणी भरलं होतं का?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, “ताई, स्विमिंग पूल आहे.”

“हो सर. पण पाणी भरलं होतं का? हो की नाही, तेवढं सांगा.”

“हो.”

टाइप केल्याचा आवाज. “किती भरलं होतं सर?”

“चाळीस इंच. तुमची खूण त्रेचाळीसवर आहे.”

“म्हणजे खुणेपर्यंत भरलं नव्हतं?”

“नाही. तीन इंच कमीच ठेवलं होतं.”

पुन्हा टाइप. मग अगदी शांतपणे, “सर, पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीमध्ये येत नाही.”

मी काही क्षण बोललोच नाही. मग विचारलं, “मग पुलाचं नुकसान कशामुळे झालेलं तुमच्या वॉरंटीत येतं?”

“सर, मी चेक करून सांगते.” अकरा मिनिटं बासरी. मी वर्कशॉपमध्ये फोन स्पीकरवर ठेवला होता. वेल्डिंग थांबवून चार माणसं बासरी ऐकत होती. अकरा मिनिटांनी ताई परत. “सर, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट कव्हर होतो. पण तो वापरण्याआधी लक्षात आला पाहिजे.”

“वापरण्याआधी म्हणजे पाणी भरण्याआधी?”

“हो सर.”

“म्हणजे कोरडा असेपर्यंत वॉरंटी.”

“तसं नाही सर,” असं म्हणून त्या थांबल्या. मला वाटतं त्यांनाही कळलं होतं. मग मदत करायची म्हणून त्यांनी स्वतःहून एक सल्ला दिला, आणि त्यासाठी खरं तर हे पत्र लिहितोय: “सर, पुढच्या वेळी टेरेसवर लावून बघा. तिथे लेव्हल चांगली मिळते.”

उत्पादन प्रमुख, तुम्ही इंजिनिअर असाल तर हे वाक्य दोनदा वाचा. चाळीस इंच पाण्याचा भार चौरस फुटाला ९४ किलो होतो. घराची वापरातली गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने धरतात, म्हणजे चौरस फुटाला चौदा-पंधरा किलो. सहापटींहून जास्त. आणि पोरं त्यात उड्या मारणार, खाली घरात म्हातारी झोपलेली असणार. हा सल्ला त्या ताईंच्या डोक्यातून आला नाही. तुमच्या जाहिरातीत पूल गच्चीवरच दाखवला आहे, मागे इमारती, पुढे हसरं कुटुंब. माहितीपुस्तकात मात्र शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘फक्त जमिनीवर’. जाहिरात आणि पुस्तक करणाऱ्यांची एकमेकांशी ओळख करून द्या. तुमचं ऐकून एखाद्याने उद्या खरंच गच्चीवर लावला तर साडेसोळा टन कुठे जातील, तेही त्यांना सांगा.

डिझाइनबद्दल, तुम्ही विचारलं नाही तरी. गोल पुलात पाणी बाहेर ढकलतं, कापड ते चहूबाजूंनी ओढून धरतं आणि वरचं पाइपांचं कडं त्या कापडाला आकारात उभं ठेवतं. कडं एका जागी तुटलं की बाकीचे अकरा जॉइंट शोभेचे. असा जॉइंट तुम्ही प्लास्टिकचा केलात, वर चंदेरी रंग मारलात म्हणजे फोटोत धातू वाटावा. तुटलेला तुकडा साच्याच्या जोडरेषेवरच फाटला आहे. आमच्याकडे मेमध्ये दुपारी त्या पाइपला हात लावता येत नाही. प्लास्टिकने काय करायचं? तिथे दोन मिलिमीटर पत्र्याची बाही लावा, आरपार बोल्ट घाला, आणि भोकं जिग (प्रत्येक भोक त्याच जागी पडावं म्हणून लावायचा साचा) लावून पाडा. माझ्याकडे दहावी नापास पोरगा जिगवर दिवसाला दोनशे भोकं पाडतो, एक सूत इकडेतिकडे होत नाही. घरी जोडायची वस्तू म्हणजे राहिलेलं काम गिऱ्हाइकाने ड्रिल घेऊन पुरं करायचं, असा त्याचा अर्थ नसतो.

शिडी मात्र चांगली आहे. ती ज्याने केली त्याला जॉइंटवर बसवा.

मला हवं ते असं: पुलाचे ३८,५०० आणि कांद्याचे १०,०००, पंधरा दिवसांत. ‘अकुशल जोडणी’ हा शब्द लेखी मागे घ्यायचा. गच्चीची जाहिरात काढायची. नवा पूल पाठवू नका. यातलं झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात बनवण्यातल्या दोषाबरोबर डिझाइनमधला दोषही धरला आहे. एवढ्या किमतीच्या वस्तूला तिथे फीही लागत नाही. ड्रिलचं रेकॉर्डिंग तिथे वाजवीन, बासरीसकट.

पोरं परवापासून पुन्हा शेततळ्याच्या कुंपणाशी जाऊन उभी राहतात. आणि यंदा चाळीसाठी ताडपत्री मी दुसऱ्या कंपनीची आणली आहे, ही तुमच्या माहितीसाठी.

पूल घडी करून वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवला आहे, तपासायला माणूस पाठवलात तर काढून दाखवीन. पूर्ण कोरडा आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने सध्या वॉरंटीत आहे.

आपला ग्राहक,
निफाड तालुका, जि. नाशिक

सोबत : बिलाची प्रत, लेव्हल पाइपचे फोटो, तीन आणि सात नंबरच्या जॉइंटचे फोटो (वर आकडे खडूने लिहिले आहेत, या वेळी गोंधळ नको).