सह्याद्रीच्या कार्यक्रमांची चौकट छापावी

संपादक महोदय,

खासगी वाहिनीवरची मालिका रात्री चुकली तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचं तसं नाही. एकाच दिवसात तिथे अभंग, शेती, तब्येतीचा सल्ला, बातम्या, जुनं नाटक, शास्त्रीय गाणं असं सगळं येऊन जातं आणि प्रत्येकाचा बघणारा वेगळा. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला 'आमची माती आमची माणसं' हवं, सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळत बसलेल्या बाईला दुपारचं काहीतरी. दिवसभर टीव्हीसमोर कोणीच बसत नाही. वेळ कळली नाही की वाहिनी घरात असून नसल्यासारखी. पूर्वी वर्तमानपत्रांत दूरदर्शन-आकाशवाणीच्या कार्यक्रमांची चौकट असायची. ती आपण पुन्हा सुरू करावी.

यावर कोणी म्हणेल, सेट-टॉप बॉक्समध्ये गाइड, म्हणजे पडद्यावर दिसणारी कार्यक्रमांची यादी, असतं की. असतं, पण त्याचं घड्याळ तपासून घ्या. उपग्रहावरून येणारी वेळ ग्रिनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सचं. फ्री डिशच्या (दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेच्या) स्वस्त बॉक्सात हे सेटिंग बरेचदा शून्यावरच राहतं आणि सायंकाळी सातच्या बातम्या गाइडमध्ये दुपारी दीडला दिसतात. मेनूतल्या वेळेच्या पानावर जीएमटी +५:३० करायचं. फरक बरोबर एका तासाचा असेल तर 'समर टाइम' (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, ते सेटिंग) चालू राहिला आहे, तो बंद करा. आपल्या उन्हाळ्याशी त्याचा काही संबंध नाही. एवढं करूनही गाइडची पट्टी कोरीच दिसली तर तो बॉक्सचा दोष नव्हे. पाठवणाऱ्याने जेवढं भरलं तेवढंच गाइडमध्ये उमटतं.

यंत्रमागावर दिवसपाळी करणाऱ्याला कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेऊन ठेवता येतो. पुष्कळ बॉक्सांत ती सोय असते. साध्या चित्राचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला १.३ जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर दहा-अकरा तास सहज मावतात. टायमर २ मिनिटं आधी सुरू करा आणि १० मिनिटं उशिरा संपवा, कारण आधीचं थेट प्रक्षेपण लांबलं की पुढचं सगळं सरकतं. बॉक्स रिमोटनेच बंद करायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं तर टायमरही झोपतो. वीज जाऊन आली तरी तीच गत, कारण सिग्नल मिळून वेळ वाचून होईपर्यंत बॉक्सला तारीखच ठाऊक नसते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आषाढीला. पंढरपूरची शासकीय महापूजा मध्यरात्र उलटल्यावर असते. लोक टायमरला दशमीची तारीख देतात, बॉक्सच्या लेखी मात्र रात्री बारानंतर तारीख बदललेली असते. पूजा होऊन जाते आणि पेनड्राइव्ह रिकामा.

आणखी एक, जे चौकटीत वर्षातून दोनदा छापण्यासारखं आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश उंचीवर येतो. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य नेमका त्याच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र फुटतं. असं ओळीने काही दिवस होतं. त्या वेळी गच्चीवर जाऊन डिश हलवू नये. ६० सेंटिमीटरची डिश दोन-तीन अंश फिरली तरी सिग्नल जातो आणि सूर्य सरकल्यावरही परत येत नाही. चूक सूर्याची आणि खर्च घरमालकाला.

चौकटीत नुसतं 'कृषिविषयक' असं न छापता विषय द्यावा. डाळिंबावरचा तेल्या रोग असेल तर तसंच लिहावं, म्हणजे ज्याला गरज आहे तो थांबेल. थेट कार्यक्रम कोणता आणि पुनःप्रसारण कोणतं, याची खूण हवी. सह्याद्रीचे पुष्कळ कार्यक्रम मागाहून यूट्यूबवर सापडतात, पण फोनवरून प्रश्न विचारायच्या कार्यक्रमाचा त्यात काय उपयोग? वाहिनीचा क्रमांक छापू नये. प्रत्येक केबल-डिशवर तो निराळा असतो आणि बॉक्स पुन्हा स्कॅन केला की बदलतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांसाठी यादगिरी आणि अक्कलकोटकडच्या कन्नड वाचकांसाठी चंदना या दूरदर्शनच्याच वाहिन्यांची एकेक ओळ जमली तर उत्तम.

दिवस मात्र पहाटे ५ ते दुसऱ्या पहाटे ५ असा धरावा आणि मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमांपुढे इंग्रजी तारीख छापावी.

— डिश व केबल जोडणी करणारे काही वाचक, सोलापूर