इन्व्हर्टर आहे, पण निरोप जाणार कसा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेले पूर आपल्या जिल्ह्याने अनुभवले. पुरात सगळे कोलमडते ते एका ठरावीक क्रमाने. आधी लाईट जाते. मोबाइलचा टॉवर त्याच्या बॅटरीवर काही तास तग धरतो, मग त्याला डिझेल लागते, आणि रस्त्यावर पाणी असले की डिझेलचा टेम्पो पोहोचत नाही. पुलाच्या कडेने गेलेली फायबर केबल तुटली तर टॉवर चालू असूनही उपयोग नसतो. इकडे घरात इन्व्हर्टरवर पंखा फिरत असतो आणि हातातल्या फोनला रेंज नसते. घरातली बॅटरी आणि हॅम रेडिओ (परवाना घेऊन चालवायचा हौशी बिनतारी संच) यांचा विचार एकत्र करायला हवा, आणि तो पावसाळ्याच्या आधी करायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात बॅटरीपासून करतो. सोलापुरात बहुतेक घरांत १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिड प्रकारची, बॅटरी असते. १२ व्होल्टने गुणले तर कागदावर १८०० वॅट-अवर. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हिशेब ९०० चाच धरावा. इन्व्हर्टरमधली घट वजा केली की हाती साधारण ७२० राहतात. ७५ वॅटचे जुने दोन पंखे, ९ वॅटचे चार दिवे आणि १२ वॅटचा वायफाय राउटर मिळून १९८ वॅट होतात, म्हणजे साडेतीन तास. तेच दोन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर भार १०८ वॅटवर येतो आणि साडेसहा तास निघतात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे शहाणपणाचे.

एका खर्चाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर एकही दिवा नसला, तरी तो स्वतः १५ ते २० वॅट खातो. चोवीस तासांत हे चारशे वॅट-अवरच्या आसपास जाते, म्हणजे वापरता येण्याजोग्या साठ्याचा जवळपास निम्मा भाग. वीज दोन-तीन दिवस येणार नाही असे दिसले की दिवसा इन्व्हर्टर मागच्या स्विचने पूर्ण बंद करावा. फोन चार्ज करायला गाडीत असतो तसा १२ व्होल्टचा यूएसबी सॉकेट थेट बॅटरीवर, फ्यूज लावून, बसवावा.

बॅटरी लवकर मरते ती मुख्यतः उन्हाळ्यामुळे. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ च्या घरात असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेली बॅटरी भराभर पाणी पिते. पातळी प्लेटांच्या खाली गेली की उघडा पडलेला भाग कायमचा निकामी होतो, नंतर कितीही पाणी घाला. मार्च ते जून दर महिन्याला पाहावे, एरवी दोन-तीन महिन्यांनी. पाणी डिस्टिल्डच घालावे. बोअरचे किंवा आरओचे घालू नये, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नाही, कारण उडून जाते ते पाणी, अ‍ॅसिड आत तसेच राहते. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी, साधारण १.२४० दाखवतो. एखाद्या सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो सेल गेला असे समजावे. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा बॅटरी बंद कपाटात, पलंगाखाली किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आता सहज मिळते. हलकी असते, पाणी लागत नाही, साठ्यातला ८० ते ९० टक्के वापरता येतो. मात्र तिच्या आतले संरक्षक सर्किट साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग तोडते. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली अशी बॅटरी दुपारभर चार्जच घेत नाही आणि लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. ती खालच्या थंड खोलीत ठेवावी.

पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे शहरात गच्चीगच्चीवर पॅनल दिसू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यातले बहुसंख्य ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या पुरवठ्याला जोडूनच चालणारे, आहेत. महावितरणचा पुरवठा गेला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या पॅनलचा धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे रखरखीत उन्हात तीन किलोवॅट छतावर असूनही घरात एक दिवा लागत नाही. अडचणीत वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. ते परवडत नसेल तर १०० वॅटचे एक वेगळे पॅनल, १० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर आणि छोटी बॅटरी एवढे तरी ठेवावे. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात १०० वॅटचे पॅनल दिवसाला ३५० ते ४०० वॅट-अवर देते. पावसाळी ढगांत हे पाव हिश्श्यावर येते, आणि पूर पावसाळ्यातच येतात. म्हणून निव्वळ सोलरच्या भरवशावर राहू नये.

जनरेटरबद्दल दोनच गोष्टी. तो घरात, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतली माणसे उठत नाहीत. दुसरे, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडणे हा गुन्हाच समजावा. मेन स्विच चालू राहिला तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि बंद समजून धरलेल्या तारेत ११ हजार व्होल्ट उभे राहतात. महावितरण आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच घराला जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवूनच जनरेटर जोडावा.

आता रेडिओ. हॅम रेडिओला ना टॉवर लागतो ना इंटरनेट. एक सेट, एक अँटेना, एक बॅटरी, आणि समोर तसाच दुसरा माणूस, एवढ्यावर तो चालतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद योगायोगाने हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या, आणि अंदमानातून निरोप बाहेर पोहोचवण्याचे मोठे काम त्यांच्या केंद्राने केले. सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना संपर्काचे मोल वेगळे सांगायला नको.

गाडीत बसवतात तसा व्हीएचएफ (जवळपासच्या संपर्काचा) सेट ऐकताना अर्धा अँपिअर घेतो आणि ५० वॅटवर बोलताना ११ अँपिअरपर्यंत. तासातला दहावा हिस्सा बोलण्यात गेला असे धरले तर दिवसाला साधारण ३७ अँपिअर-अवर लागतात. शक्ती १० वॅटवर आणली तर हेच वीसच्या आसपास येते. परवान्यातली मर्यादा पाळावी आणि त्या मर्यादेतही समोरच्याला ऐकू जाईल इतकीच शक्ती वापरावी.

हा सेट इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टवर अ‍ॅडाप्टर लावून चालवू नये, थेट बॅटरीवरून चालवावा. इन्व्हर्टर, विशेषतः स्क्वेअर वेव्हचा, शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरच्या संपर्काच्या लहरींवर, इतका खरखराट करतो की दूरचे स्टेशन ऐकूच येत नाही. थेट जोडताना सगळ्यात जास्त चूक होते ती वायरीत. बॅटरीपासून सेट पाच मीटरवर आहे आणि घरातली उरलेली अडीच एमएमची वायर वापरली असे समजा. जाऊन-येऊन दहा मीटर, ११ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्टची घट. बॅटरी १२.४ वर असताना सेटपाशी ११.६ पोहोचतात. बहुतेक सेट ११.७ च्या खाली नीट चालत नाहीत, बटण दाबताच बंद पडतात, आणि दोष सेटला दिला जातो. सहा एमएमची वायर घातली तर घट ०.३५ वर येते आणि अडचण संपते. टोकांना क्रिंप केलेले लग लावावेत, नुसती पिळलेली तार नको. २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. सेटजवळच्या फ्यूजने मधल्या वायरीचे संरक्षण होत नाही. घरात दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नयेत. ती कायम अर्धवट राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात जोडीच बाद होते. तिथे २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा.

अँटेना घरी करता येते. व्हीएचएफच्या १४५ मेगाहर्ट्झसाठी एसओ-२३९ या अँटेना केबलच्या सॉकेटवर मधोमध ४९ सेंटिमीटरची पितळी सळई उभी, आणि चार कोपऱ्यांना ५२ सेंटिमीटरच्या चार सळया ४५ अंशांत खाली झुकवलेल्या, एवढेच. सोलापूरचा परिसर सपाट असल्याने सगळा खेळ उंचीचा आहे. दोन्ही बाजूंच्या अँटेना जमिनीपासून १२ मीटरवर असतील तर रेडिओचे क्षितिज सुमारे २८ किलोमीटर होते. हातात धरायचा पाच वॅटचा सेट वस्तीत, खोलीच्या आतून, दोन-चार किलोमीटरच जातो. केबलवर कंजूषी करू नये. आरजी-५८ या बारीक अँटेना केबलची वीस मीटर लांबी या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच गिळते. जाड आरजी-२१३ घ्यावी. वरच्या जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी केबलभर उतरते. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येताच केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवावी. अर्थिंगबद्दल आपल्या काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात ती फाटते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात पाणी घालत राहावे.

पुणे, कोल्हापूर किंवा हैदराबादशी बोलायचे तर ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना, लागतो. साधी तांब्याची तार, प्रत्येक बाजू दहा मीटर, उंची सहा ते आठ मीटर पुरे. इतक्या खाली बांधलेल्या डायपोलचे तरंग जवळजवळ सरळ वर जाऊन आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात, त्यामुळे दिवसा तीन-चारशे किलोमीटरचे वर्तुळ सापडते. रात्री आयनमंडल विरळ झाले की जवळची स्टेशने हरवतात, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि तिथे तार दुप्पट लांब लागते.

परवान्याशिवाय बोलणे बेकायदेशीर आहे. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची असते, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वयाची बारा वर्षे पूर्ण लागतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक भाषा) लागत नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने लागते. परीक्षा आणि पडताळणीत बराच काळ जातो, म्हणून जूनमध्ये जाग येऊन उपयोग नाही. शेजारच्या दोन वाड्यांपुरतेच बोलायचे असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे वॉकीटॉकी परवान्याविना चालतात. मात्र त्या संचाला सरकारी टाइप मान्यता आहे का, ते पाहूनच घ्यावे.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या या परवान्याच्या नियमांतूनच येतात. हौशी रेडिओच्या १९७८ च्या नियमांनुसार आपत्तीत तिऱ्हाइताचे निरोप पोहोचवायचे तर ते सक्षम अधिकाऱ्याकडून, जिल्ह्यात म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडून आलेले आणि त्यांच्यासाठीच असावे लागतात. हा अधिकारी पूर आल्यावर नेमण्यात वेळ जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी मेअखेर लेखी आदेशाने शहरासाठी आणि प्रत्येक तालुक्यासाठी एकेक अधिकारी ठरवून द्यावा. १०७७ या दूरध्वनी क्रमांकाच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या इमारतीवर एक व्हीएचएफ अँटेना आणि खाली १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी कायमची असावी. तुळजापूरचा बालाघाटाचा कडा सोलापूरपेक्षा दीड-दोनशे मीटर उंच आहे. धाराशिव जिल्हा प्रशासनाशी बोलून तिथे सोलरवर चालणारा एक रिपीटर, म्हणजे ऐकलेले लगेच पुढे प्रसारित करणारा संच, बसवला तर साठेक किलोमीटरचा टापू, म्हणजे शहर, अक्कलकोट आणि मोहोळकडचा बराच भाग, साध्या सेटच्या आवाक्यात येईल. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी परवान्याच्या परीक्षेचे वर्ग घेतले तर सेट चालवायला माणसे मिळतील. शिकवायला आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
सोलापुरातील काही हॅम रेडिओचालक