उंदराची वाट आणि उजव्या मेंदूचे वर्ग

माननीय संपादक महोदय,

उन्हाळा लागला की नागपुरात कूलरच्या घरघरीसोबत 'मुलाचा उजवा मेंदू जागवा' छापाची पत्रकंही दारात येऊन पडतात. परवा नातवासाठी एक आलं. फी वाचून माझ्याच मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या झाल्या!

डावं-उजवं हा भेद खोटा नाही. पण उंदरांवरचे प्रयोग पत्रकापेक्षा वेगळंच सांगतात. जागा आणि वाट लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात एनएमडीए ग्राहींच्या (चेतापेशींवरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनांच्या) एका घटकाची वाटणी डावीकडे-उजवीकडे सारखी नसते, हे जपानी संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं. 'आयव्ही' नावाचा जनुकीय बदल असलेल्या उंदरांत ही विषमताच नसते, आणि ते भूलभुलैयातली वाट शिकण्यात मागे पडतात. 2014 चा प्रयोग तर फारच गमतीचा. प्रकाशाचा झोत वापरून उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधला सीए3 नावाचा भाग डावीकडे गप्प केला, तर दीर्घकालीन स्मृती बिघडली. उजवीकडचा केला तर काही झालं नाही. अल्पकालीन स्मृती मात्र कुठलीही एक बाजू बंद केली तरी ढासळली. म्हणजे एक बाजू झोपलेली आणि दुसरी जागी, असा हा मामला नाही. शिवाय हे उंदीर आहेत, आपली पोट्टी नव्हेत.

रामन विज्ञान केंद्राने सुट्ट्यांत पालकांसाठी या विषयावर एखादं व्याख्यान ठेवावं. आणि असल्या जाहिराती छापण्याआधी आपणही पुरावा मागावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर