ऑडिओ सीडी कॉपी होत नाही म्हणून फेकून देऊ नका

संपादक महाशय,

जुन्या सीडींच्या कॉप्या काढून ठेवा असं सांगणारा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात ते फार बरं केलंत, पण लिनक्सवर डीडी कमांड (डिस्क जशीच्या तशी उतरवून घेणारी) मारा आणि आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एकच फाइल) बनवा असं जे त्यात दिलंय ते डेटा सीडीसाठी ठीक आहे, गाण्यांच्या सीडीवर ते चालणारच नाही. लोक ते करून बघणार, पहिल्या सेकंदाला इनपुट-आउटपुट एरर येणार, मग माउंट करायला, म्हणजे सीडी फोल्डरसारखी उघडायला जाणार तर तिथे सुपरब्लॉकची (फाइल-रचनेच्या मूळ नोंदीची) तक्रार, आणि सीडी मेली असं समजून ती कचऱ्यात जाणार. चांगली धडधाकट सीडी! म्हणून न राहवून लिहितोय.

ऑडिओ सीडीवर मुळात फाइल्स नसतातच हो. १९८० च्या रेड बुक या ऑडिओ सीडीच्या मानकाप्रमाणे तिच्यावर सलग आवाज असतो, सेकंदाला ७५ सेक्टर (ठरावीक मापाचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट, सगळे आवाजाचेच. डेटा सीडीत त्याच जागेत २०४८ बाइट डेटा ठेवतात आणि उरलेल्यात सेक्टरचा पत्ता आणि चुका दुरुस्त करायचा जादा कोड असतो, तो ऑडिओत नाही, तिथे फक्त डिस्कचं मूळचं एरर करेक्शन तेवढं असतं. डीडी मागणार २०४८ चे ब्लॉक, ते तिथे नाहीतच, मग ड्राइव्ह नाही म्हणणार नाहीतर काय करणार.

यासाठी वेगळी टूल्स आहेत, सीडीपॅरानॉइया (गाणी फाइलमध्ये उतरवणारं) आणि सीडीआरडाओ (अख्खी सीडी उतरवणारं आणि परत लिहिणारं) ही त्यातली मुख्य. आधी सीडीपॅरानॉइयाला कॅपिटल क्यू ऑप्शन देऊन नुसती ट्रॅकची यादी मागवा. यादीच आली नाही तर ओरखड्यांचा विचार नंतर, आधी परमिशन बघा (बऱ्याच सिस्टीमवर युजर सीडीरॉम ग्रुपमध्ये असावा लागतो) आणि डेस्कटॉपने सीडी आपोआप उघडून ड्राइव्ह अडवून ठेवलाय का ते बघा, कारण डिव्हाइस बिझी येतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

यादी आली की सीडीपॅरानॉइयाने रिपिंग, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवणं, सुरू करा आणि स्क्रीनवरची ती स्मायली बघत बसा, खरंच बघत बसा, कारण सगळी माहिती तिथेच असते. हसरा चेहरा म्हणजे सगळं सुरळीत. सरळ तोंडाचा म्हणजे जिटर, म्हणजे ड्राइव्हला मागच्या वेळी थांबला नेमकी तीच जागा परत सापडत नाहीये, आणि ही खोड कोऱ्या करकरीत सीडीवरही दिसते, टूल तेच तुकडे एकमेकांवर जुळवून ती दुरुस्त करतं, घाबरायचं कारण नाही. रडका चेहरा आला म्हणजे ओरखडा सापडला. प्रोग्रेसच्या पट्टीत कॅपिटल व्ही उमटला की मात्र तेवढा तुकडा हातचा गेला, तो दुरुस्त झालेला नाही. लोक नेमका हा व्ही बघत नाहीत, फाइल तयार झाली ना मग झालं असं धरून चालतात आणि गाण्यात मध्येच टक् असा आवाज येतो तेव्हा कळतं, तोवर मूळ सीडी देऊन टाकलेली असते.

व्ही दिसला तर कॅपिटल एस ऑप्शनने स्पीड कमी करून चारवर आणा, सीडी मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेला सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि तरी जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. हा शेवटचा उपाय लोक करतच नाहीत आणि बऱ्याचदा तोच लागू पडतो, कारण ड्राइव्हची लेन्स आणि फर्मवेअर (आतला प्रोग्राम) प्रत्येकाचं वेगळं. डीमेसेज या सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये मीडियम एरर दिसत असेल तर खुद्द ड्राइव्हच डिस्क वाचता येत नाही म्हणतोय, तिथे कमांड बदलून काही होत नाही. सीडी उजेडासमोर धरून लेबलच्या बाजूने बारीक भोकं दिसतात का बघा, चकाकणारा थर तिथेच असतो आणि तिथला गेलेला थर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

सीडीआरडाओने काढलेली बिन फाइल (सीडीवरचा कच्चा आवाज) थेट वाजवली आणि नुसती खरखर आली तर कॉपी बिघडली असं समजू नका, त्यात बाइटचा क्रम उलटा असतो एवढंच, क्रम बदलून घेतला की आवाज स्वच्छ येतो. परत सीडीवर लिहिताना ट्रॅक अ‍ॅट वन्सने, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा, लिहिलं तर गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते, मैफलीच्या रेकॉर्डिंगचा त्याने पार विचका होतो, त्यामुळे डिस्क अ‍ॅट वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहायची पद्धतच वापरा. वेव्ह फाइल ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ नसेल तर वोडिम (सीडी लिहिणारं टूल) ती घेणारच नाही आणि लांबी २३५२ बाइटच्या पटीत नसेल तर शेवट भरून काढणारा पॅड ऑप्शन द्यावा लागतो.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट तेवढी छापा, की डीडी फक्त डेटा सीडीला, ऑडिओला सीडीपॅरानॉइया किंवा सीडीआरडाओ, आणि पट्टीतला व्ही तपासल्याशिवाय मूळ सीडी हातची सोडायची नाही.

आपला,
एक नियमित वाचक