डिफेन्स शिकवायला निघालेल्या मुलीस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात, डिफेन्सच्या म्हणजे बचावाच्या बाजूला, ग्रॅज्युएट असिस्टंट (कोचिंगच्या जिन्याची पहिली पायरी) म्हणून तुझी नेमणूक पक्की झाली. रुजू होण्याआधी काही गोष्टी लिहून देतो, कारण एकदा सीझन सुरू झाला की तुला फोनवर बोलायलाही वेळ मिळणार नाही. हे पत्र पुण्यात आजीही वाचेल, म्हणून तिच्यासाठी एवढंच: अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, आणि समोरच्या अकरा जणांनी ते होऊ द्यायचं नसतं. त्या अकरा जणांना तयार करायचं काम आता मनूकडे आलंय.

हे काम मुळात मास्तरकीचं आहे. टीव्हीवर हेडसेट लावलेला कोऑर्डिनेटर (अख्खा डिफेन्स चालवणारा कोच) दिसतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की हुशार कॉल (पुढच्या खेळीचा आदेश) म्हणजेच कोचिंग. पण कॉल कागदावर कितीही सुंदर असला तरी शनिवारच्या सामन्याच्या गोंगाटात एकोणीस-वीस वर्षांच्या अकरा पोरांना तो जमला, तरच त्याची किंमत. त्यांना तो जमवायला तुझ्याकडे वेळ किती असतो, ते मोजून बघ. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियमाप्रमाणे सीझनमध्ये खेळाडूचे आठवड्याला जास्तीत जास्त २० तास घेता येतात, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी तो ३ तास धरतात. उरले १७. वेट रूम, फिल्म, मीटिंग आणि मैदान, सगळं त्यातच बसवायचं. आता समज, मंगळवारी एक नवा ब्लिट्झ (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जास्तीची माणसं धाडायची चाल) घातला. तो दोन्हीकडे दोन-दोन रिसीव्हरसमोर (पास झेलणारे), तीन-एकसमोर, एम्प्टीसमोर (मागे बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, नाहीच), दोन बॅकसमोर आणि मोशनसमोर (खेळी सुरू होण्याआधी कुणीतरी जागा बदलतो) दाखवावाच लागतो. प्रत्येकी दोनदा म्हटलं तरी दहा रेप्स (सरावातल्या आवृत्त्या) झाले. ते कुठून तरी काढलेले असतात, आणि बहुतेक वेळा टॅकलिंगमधूनच. एक ना धड भाराभर चिंध्या अशी कॉल शीट घेऊन मैदानात उतरलेला डिफेन्स चौथ्या क्वार्टरमध्ये साधी रांग लावताना एकमेकांकडे बघत राहतो. कॉल शीटवर काय असावं हे तुला कुणी विचारणार नाही, निदान दोन वर्षं तरी. पण कोणता कॉल प्रॅक्टिसमध्ये कितीदा नीट जमला याची नोंद तू ठेवू शकतेस, आणि गुरुवारी कोऑर्डिनेटरला तीच सगळ्यात जास्त लागते.

सुरुवातीला तुझ्या वाट्याला फिल्म ब्रेकडाउन, म्हणजे सामन्याच्या फिल्ममधल्या प्रत्येक खेळीची नोंद करणं, येईल. रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे निदान चार सामने टॅग होऊन तयार हवेत: डाउन (चारातली कितवी संधी), अंतर, यार्ड लाइन, हॅश (मैदानातल्या दोन खुणांच्या ओळींपैकी कुठली), पर्सोनेल (कुठल्या जागेचे किती खेळाडू उतरलेत), फॉर्मेशन (ते कसे उभे आहेत), मोशन, प्ले, निकाल. यात सगळ्यात महाग पडते ती पर्सोनेलची चूक. टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) बाहेर स्लॉटमध्ये (लाइन आणि कडेच्या रिसीव्हरच्या मधे) जाऊन उभा राहिला की नवखा माणूस त्याला रिसीव्हर मोजतो, आणि एक बॅक-दोन टाइट एंडचं १२ एका झटक्यात ११ होऊन बसतं. पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागून पास अडवणारा) ठेवायचा की तिसरा लाइनबॅकर (मधल्या फळीतला) आणायचा, हे पर्सोनेल बघूनच ठरतं. म्हणजे तुझ्या एका चुकीच्या आकड्यावर अख्खा आठवडा भलत्याच माणसांची तयारी होते. माणूस उभा कुठे आहे ते नंतर बघ, आधी जर्सीचा नंबर बघ. रोस्टर शेजारी उघडं ठेवूनच बस.

टक्केवारीला भुलू नकोस. ‘थर्ड डाउन, सात ते दहा यार्ड, बाउंड्रीकडे स्क्रीन, ७५ टक्के’ (बाउंड्री म्हणजे मैदानाची अरुंद बाजू, स्क्रीन म्हणजे ब्लॉकर्सच्या आडून दिलेला आखूड पास) असं रिपोर्टमध्ये छापून येतं आणि उघडून बघावं तर चारातले तीन प्ले. टक्क्यांशेजारी प्लेची संख्या लिहायचीच. निकाल लागून गेल्यानंतरचे प्ले वेगळे काढ. चार टचडाउनांनी पुढे असलेला संघ घड्याळ संपवण्यासाठी रन खेळत असतो, त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. आणि ज्या सामन्यात समोरचा डिफेन्स आपल्यासारखा होता, तो सामना बाकीच्यांपेक्षा जास्त सांगतो.

मग स्काउट टीमची, म्हणजे प्रॅक्टिसमध्ये प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या आपल्याच पोरांची, कार्डं. काम हलकं वाटतं, पण डिफेन्सची प्रॅक्टिस बिघडते ती बहुधा इथेच. कार्ड वाचलं जातं ऑफेन्सच्या (चेंडू असलेल्या बाजूच्या) हडलमध्ये, म्हणजे खेळीआधीच्या घोळक्यात. आपल्याला मात्र बोर्डवर सगळं डिफेन्सच्या बाजूनं काढायची सवय, त्यामुळे नव्या माणसाचं कार्ड हमखास उलटं निघतं. उजवीकडची ट्रिप्स (एका बाजूला तीन रिसीव्हर) डावीकडे जाते आणि तो रेप फुकट. वरच्या कोपऱ्यात स्क्रिप्टचा क्रमांक, हॅश, डाउन आणि अंतर लिही. ज्याच्याकडे बॉल जाणार त्याचं वर्तुळ भरून काढ. प्रत्येक ब्लॉकचा बाण कुणापाशी थांबतो ते नीट दाखव, आणि त्यासाठी आपला फ्रंट (डिफेन्सची पुढची फळी) फिकट रंगात काढलेला हवा, नाहीतर स्काउटचा लाइनमन चुकीच्या माणसाला ब्लॉक करतो आणि आपल्या लाइनबॅकरला खोटी ‘की’ (समोरच्याच्या हालचालीतली खूण) मिळते. स्नॅप काउंट (कितव्या हाकेला बॉल मागे देऊन खेळी सुरू होते) खाली. मार्कर जाड घे, कारण दहा-अकरा जण चार-पाच फुटांवरून एकदम बघतात. आणि कार्डं प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेव, पाऊस पडतोच. कोऑर्डिनेटरने रात्री फ्रंट बदलला तर कार्डंही रात्रीच बदलायची.

आता खेळाबद्दल दोन गोष्टी, ज्या तुझ्या पूर्ण अंगवळणी पडायला हव्यात. मैदान सगळीकडे १६० फूट रुंद, पण कॉलेजच्या दोन हॅशमध्ये ४० फूट असतात आणि व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. त्यामुळे कॉलेजमध्ये बॉल हॅशवर आला की एका बाजूला २० यार्ड उरतात आणि दुसऱ्या बाजूला ३३ यार्डांहून किंचित जास्त. रविवारी एनएफएलमध्ये बघितलेलं कव्हरेज सोमवारी जसंच्या तसं बोर्डवर आणणारे इथेच फसतात. रुंद बाजूच्या सेफ्टीला (सगळ्यात मागचा बचावपटू) ती जागा पुरी पडतच नाही. म्हणून कॉलेजमध्ये बरेच डिफेन्स उजवा-डावा कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरला अडवणारा) न ठेवता फील्ड (रुंद बाजूचा) आणि बाउंड्री कॉर्नर ठेवतात. बाउंड्रीच्या सेफ्टीला रनमध्ये लवकर उतरता आलं पाहिजे, आणि फील्डकडच्याला पळता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आरपीओची, म्हणजे रन की पास हे क्वार्टरबॅक खेळी सुरू झाल्यावर ठरवतो त्या प्लेची. पास लाइनपलीकडे (खेळी जिथून सुरू होते ती रेषा) जात असेल तर तो सुटेपर्यंत कॉलेजमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. आरपीओ जगतो तो या जास्तीच्या दोन यार्डांवर. लाइनबॅकरला गार्ड अंगावर येताना दिसतो, तो रन समजून पाऊल टाकतो, आणि बॉल त्याच्या पाठीमागे जातो. त्या पोराला ओरडून काही होत नाही, कारण आपणच त्याला एका वेळी दोन कामं दिलेली असतात. एक काम काढून दुसऱ्याकडे द्यावं लागतं. आयोवा स्टेटमध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जॉन हीकॉक यांनी २०१७ पासून तीन सेफ्टी मागे ठेवून नेमकं हेच केलं. मधला सेफ्टी खोलीतून उशिरा रनमध्ये उतरतो आणि लाइनबॅकरला क्षणभर थांबायची मुभा मिळते. बिग १२ या कॉन्फरन्समधल्या स्प्रेड (मैदानभर पसरणाऱ्या) ऑफेन्सना दिलेलं ते उत्तर पुढे अनेकांनी उचललं. ती फिल्म मिळेल तितकी बघ, आणि बॉल सोडून फक्त त्या मधल्या सेफ्टीकडे बघ.

क्वार्टर्समध्ये (चौघं मागचं मैदान चार भागांत वाटून घेतात ते कव्हरेज) सेफ्टीची नजर बाहेरून मोजलेल्या दुसऱ्या रिसीव्हरवर हवी. तो सरळ खोल पळाला तर तो सेफ्टीचा. तो लवकर बाहेर वळला तर सेफ्टी पहिल्या रिसीव्हरवर कॉर्नरच्या मदतीला जातो. त्याने ब्लॉक केलं तर रन. ऐकायला सोपं आहे. बिघडतं कसं, तर प्ले-अॅक्शनवर (रनचं सोंग करून टाकलेला पास) सेफ्टी क्वार्टरबॅककडे डोकावतो आणि दुसरा रिसीव्हर त्याच्या खांद्यावरून निघून जातो. ग्रेड शीटवर अशा वेळी ‘बीट झाला’ एवढंच लिहिलेलं मला अजिबात पटत नाही. त्यातून पोरगं काय शिकणार? ‘नजर बॅकफील्डवर, पहिलं पाऊल पुढे’ असं लिही. त्याने काय बदलायचं ते त्या पाच शब्दांत आहे.

टॅकलिंग रोज, थोडं का होईना, पण रोज. टार्गेटिंगला (डोक्याने किंवा डोक्या-मानेवर नेम धरून दिलेली धडक) २०१३ पासून सामन्यातून बाहेर काढतात, आणि ते दुसऱ्या हाफमध्ये झालं तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफही जाऊ शकतो. डोकं खाली घालून जाणारा मुलगा समोरच्याची आणि स्वतःची मान धोक्यात घालतो. नजर वर, खांद्यानं भिडायचं, पाय चालू ठेवायचे. यात कधीच ढिलाई करू नकोस.

२०२४ पासून एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलची सर्वांत वरची पातळी) कोचला खेळाडूशी हेल्मेटमधून बोलता येतं, पण मैदानावर एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ती सोय आणि तिची खूण म्हणून हिरवा ठिपका असतो आणि प्ले क्लॉकवर १५ सेकंद राहिले किंवा स्नॅप झाला की आवाज बंद. बाकी दहा जणांना कॉल हातवाऱ्यांनीच जातो, म्हणून सिग्नल शिकवणं सुटलेलं नाही. ठिपकेवाला लाइनबॅकर दुखापतीने बाहेर आला तर त्याच्या जागी जाणाऱ्याचं ठिपक्याचं हेल्मेट बेंचमागे तयार आहे का, हे बघायचं काम बहुधा तुझ्यावरच येईल.

आता पुढच्या वाटचालीचं. ग्रॅज्युएट असिस्टंट, मग क्वालिटी कंट्रोल किंवा अॅनालिस्ट, मग पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंचा), मग कोऑर्डिनेटर, असा ढोबळ जिना आहे, पण तो सरळ चढत जाणारा नाही. कर्बी स्मार्ट २००१ मध्ये व्हॅल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन-दोनच्या संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, आणि त्यानंतर फ्लोरिडा स्टेटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून गेले. पद उतरलं, शिक्षण वाढलं. पुढे अलाबामात २००८ ते २०१५ कोऑर्डिनेटर, मग जॉर्जियाचे मुख्य कोच, आणि २०२१ व २०२२ च्या सीझनची राष्ट्रीय विजेतेपदं. उलट बड फॉस्टर १९९५ ते २०१९ व्हर्जिनिया टेकमध्येच डिफेन्स चालवत राहिले. फिल पार्कर १९९९ पासून आयोवात आहेत, २०१२ पासून कोऑर्डिनेटर, आणि सर्वोत्तम असिस्टंटसाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना २०२३ मध्ये मिळाला. या दोघांना एका जागी राहता आलं त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांचे मुख्य कोच, फ्रँक बीमर आणि कर्क फेरेंट्झ, दोन-दोन दशकांहून जास्त टिकले. म्हणून नोकरी बघताना पगाराआधी मुख्य कोचची खुर्ची किती पक्की आहे ते बघ.

२०२४ च्या उन्हाळ्यात नियम बदलला आणि अॅनालिस्टनाही मैदानावर शिकवायची परवानगी मिळाली. बाहेर जाऊन भरती करणाऱ्यांची मर्यादा मात्र मुख्य कोच धरून अकराच ठेवली. तुझ्यासारख्यांना याचा फायदा आहे, पण एका कॉर्नरच्या कानात तीन जण तीन शब्द घालतात असंही आता दिसतं. पोझिशन कोच जे शब्द वापरतो तेच वापर, तुझे जास्त चांगले असले तरी. ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) दर वर्षी खोलीत अर्धी माणसं नवी असू शकतात, आणि स्प्रिंगमध्ये मिळतात फक्त १५ प्रॅक्टिस, ३४ दिवसांत. शब्द एक नसले तर ते १५ दिवस भाषांतरातच जातात.

तू मुलगी आहेस म्हणून पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारेल, तू कुठे खेळलीस? कॅली ब्राउनसन २०१८ मध्ये डार्टमथच्या स्टाफवर होत्या, लोरी लोकस्ट यांनी एनएफएलमधल्या टँपा बेच्या डिफेन्सिव्ह लाइनला शिकवलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. नावं सांगत बसू नकोस. तीन-टेक्निकच्या टॅकलचा (गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहणारा डिफेन्सचा लाइनमन) पहिला पाय कुठे पडतो आणि हात गार्डच्या कुठल्या भागावर जातात हे नेमकं दाखव. विचारणारा गप्प बसेल, आणि तो टॅकल दुसऱ्या दिवशी स्वतःहून तुझ्याकडे येईल.

पुढे पोझिशन कोचचा करार हातात येईल तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. मुख्य कोच गेला की नवा माणूस आपला कोऑर्डिनेटर आणतो, तो आपले असिस्टंट, आणि तुमचं काही चुकलेलं नसताना डिसेंबरात सामान बांधायची वेळ येते. कामावरून काढल्यावर उरलेला पगार मिळतो का, आणि दुसरीकडे नोकरी लागली की त्यातून नवा पगार वजा होतो का, हे कलम आधी वाच. आपण सोडून गेलो तर उलट भरायची रक्कम किती, ते त्यानंतर. शिफ्टिंगचा खर्च युनिव्हर्सिटीने दिला तरी २०१८ पासून त्यावर कर लागतो, म्हणून हातात येणारी रक्कम कमी धर. दोन नोकऱ्यांच्या मध्ये आरोग्य विमा कोब्रा कायद्याखाली साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता सगळा आपल्याच खिशातून जातो. तेवढे पैसे बाजूला असू देत.

घर विकत घ्यायचा विचार पहिल्या करारात नको. भाड्याचं घ्यायचं तेही शक्यतो महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं, आणि ऑफिसपासून दहा मिनिटांच्या आत, कारण रविवारी रात्री दोनला तुला गाडी चालवत घरी यायचंय. आईने मेथीच्या लाडवांचा डबा वेगळा पाठवलाय.

तुझा,
बाबा